कुंपणाला विचारायचं कुणी?

हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून संध्याकाळी पायी जाताना दुकानांच्या पाट्या वाचत चालायची मला जुनी सवय आहे. दोन भाषांत वाढलेल्या माणसाची पाट्यांमध्ये फार करमणूक होते. आपल्या मराठीत 'पतसंस्था', तर इकडच्या कन्नड पाटीवर 'पत्तिन सहकारी संघ'. पत आणि पत्तु, दोन्ही शब्द एकाच घरातले वाटावेत असे. पण कर्जाला मात्र कन्नडमध्ये 'साल' म्हणतात. त्यामुळे सांगली-सोलापूरकडून लग्न होऊन आलेल्या सुनेला कुणी 'ई वर्ष साल एष्टु?' असं विचारलं, की ती बिचारी आधी कॅलेंडरकडे बघते.

याच रस्त्यावर आमच्या ओळखीचं एक कापडाचं दुकान आहे. मालकांना आम्ही अण्णा म्हणतो, ते मला अक्का म्हणतात. परवा साडीची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "अक्का, हे नाणेनिधी, जागतिक बँक म्हणतात, त्यात आपल्या देशाचा पैसा आहे ना?"

"आहे की."

"मग तिथं काही भानगड झाली तर आपण कुणाला विचारायचं? आमच्या सोसायटीत झाली तर निदान सेक्रेटरीच्या दारात जाऊन बसता येतं."

प्रश्न मला आवडला. मोठमोठ्या परिषदांतून याच प्रश्नावर वर्षानुवर्षं कागद काळे होत आहेत, आणि उत्तर अजून अर्धवटच आहे. ते आपल्या घरगुती भाषेत मांडून बघावं, म्हणून आजचा हा लेख.

मराठीत आपण म्हणतो, कुंपणानंच शेत खाल्लं. कन्नडमध्येही अगदी तीच म्हण आहे, 'बेलिये एद्दु होल मेय्दंते'. दोन भाषांनी एकच म्हण जपली, म्हणजे अनुभवही दोघींचा एकच असणार. मात्र कुंपणानं शेत खाल्ल्यावर पुढं काय करायचं, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

आधी या संस्था कुणाच्या ते पाहू. जुलै 1944 मध्ये, महायुद्ध अजून चालू असताना, अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स या गावी 44 देशांचे प्रतिनिधी जमले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी आपलं शिष्टमंडळ तिथं होतं. नेता होता व्हाइसरॉयच्या मंडळातला अर्थसदस्य जेरेमी रेझमन. पण त्यात आपले चिंतामणराव देशमुखही होते. महाडजवळच्या नाते गावी 1896 मध्ये जन्मलेले देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले होते. युद्धासाठी भारतानं पुरवलेल्या मालाचे ब्रिटनकडे थकलेले पैसे, म्हणजे तो प्रसिद्ध 'स्टर्लिंग शिल्लक'चा प्रश्न, आपल्या मंडळींनी तिथं मांडून पाहिला. युद्ध संपेपर्यंत ही येणी शंभर कोटी पौंडांच्या वर गेली होती. पण परिषदेनं हा विषय आपल्या कक्षेत घेतलाच नाही. ज्याचं येणं होतं त्याचा आवाज बारीक आणि ज्याचं देणं होतं त्याचा मोठा, ही रीत अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

पुढं देशमुख याच दोन संस्थांच्या गव्हर्नर मंडळावर दहा वर्षं होते. 1950 मध्ये पॅरिसला भरलेल्या संयुक्त वार्षिक सभेचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. म्हणजे मराठी माणूस सभेच्या खुर्चीवर बसून आला. मतांचा हिशोब मात्र बदलला नाही.

हा हिशोब समजायला आपल्या शेजारच्या गदग तालुक्यातलं कणगिनहाळ गाव आठवावं. तिथं 1905 मध्ये, सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकारानं देशातली पहिली शेती सहकारी पतसंस्था निघाली. तेव्हा तो सगळा भाग धारवाड जिल्ह्यात आणि मुंबई इलाख्यात होता. सहकाराचं मूळ तत्त्व सोपं असतं. शेअर एक असो वा शंभर, सभासदाला मत एकच. वाड्यातल्या गौडालाही एक आणि कोरडवाहू चार एकरवाल्यालाही एक.

नाणेनिधीत याच्या उलट चालतं. ज्याचा कोटा, म्हणजे भागभांडवल, मोठा त्याची मतं जास्त. अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं आहेत, भारताकडे सुमारे 2.6 टक्के. शिवाय घटनेत बदल करायचा किंवा कोटा वाढवायचा, तर 85 टक्के मतं लागतात. आता वजाबाकी करा. एकट्या अमेरिकेनं नाही म्हटलं तरी बाकीच्या सगळ्या जगाची बेरीज 85 पर्यंत पोचत नाही. गावच्या सोसायटीत एकाच पाटलाच्या हातात अशी चावी असती, तर लोकांनी तिला सोसायटी म्हटलं नसतं, सावकारी म्हटलं असतं.

यावर एक अलिखित करारही आहे. नाणेनिधीचा प्रमुख नेहमी युरोपचा आणि जागतिक बँकेचा अमेरिकेचा. आज जागतिक बँकेचे अध्यक्ष असलेले अजय बंगा पुण्याच्या खडकीत जन्मले, याचा आपल्याला आनंद वाटतो आणि वाटावाच. पण 2023 मध्ये त्यांचं नाव पुढं आलं ते अमेरिकेच्या बाजूनं, अमेरिकेचे नागरिक म्हणून.

आता भानगडींकडे वळू. जागतिक बँकेत पॉल वुल्फोविट्झ 2005 मध्ये अध्यक्ष झाले ते भ्रष्टाचाराविरुद्ध मोठमोठी भाषणं करत. बँकेतच नोकरीला असलेल्या आपल्या मैत्रिणीची बदली आणि पगारवाढ नियमाबाहेर करून दिल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि 2007 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

नाणेनिधीची यादी तर सलग आहे. 2004 ते 2007 प्रमुख असलेले रॉड्रिगो रातो पुढं स्पेनमध्ये बँकेच्या क्रेडिट कार्डांवर खासगी उधळपट्टी केल्याबद्दल दोषी ठरले आणि 2018 मध्ये तुरुंगात गेले. हा गुन्हा नाणेनिधीतला नव्हे, त्यानंतरचा. त्यांच्यानंतरचे दोमिनिक स्ट्राउस-कान यांना मे 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या एका कर्मचारी बाईंच्या तक्रारीवरून अटक झाली. त्यांनी राजीनामा दिला. फौजदारी आरोप सरकारी पक्षानं त्याच वर्षी मागे घेतले आणि दिवाणी दावा 2012 मध्ये तडजोडीनं मिटला. मग क्रिस्तिन लगार्द आल्या. फ्रान्सच्या अर्थमंत्री असताना एका उद्योगपतीला सुमारे 40 कोटी युरो मिळवून देणाऱ्या लवादाच्या निवाड्याला त्यांनी आव्हान दिलं नव्हतं. त्या हलगर्जीपणाबद्दल डिसेंबर 2016 मध्ये फ्रान्सच्या विशेष न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं, पण शिक्षा काहीच दिली नाही. त्याच दिवशी नाणेनिधीच्या मंडळानं त्यांच्यावर विश्वास व्यक्त केला.

त्यांच्यानंतरच्या क्रिस्तालिना जॉर्जिएवा. त्या आधी जागतिक बँकेत होत्या. कोणत्या देशात धंदा करणं किती सोपं, याची क्रमवारी लावणारा 'डूइंग बिझनेस' अहवाल ही बँक दरवर्षी काढायची. या यादीत भारत वर चढला की आपल्याकडे पेढे वाटल्यासारख्या बातम्या यायच्या. 2021 मध्ये बाहेरच्या वकिलांच्या चौकशीत असं पुढं आलं, की 2018 च्या यादीत चीनचा क्रमांक घसरू नये म्हणून आकड्यांत फेरफार झाला आणि त्यासाठी वरून दबाव होता. जॉर्जिएवांनी आरोप नाकारले. नाणेनिधीच्या मंडळानंही, त्यांची गैर भूमिका पुरेशी सिद्ध होत नाही असं म्हणून, त्यांना कायम ठेवलं. 2024 मध्ये त्यांना दुसरी मुदतही मिळाली. बंद पडला तो अहवाल.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मोठ्यांच्या घरची लफडी, आपल्याला काय त्याचं? मला या यादीत वेगळंच काही दिसतं. प्रत्येक वेळी चर्चा माणसाच्या चारित्र्याची झाली आणि नियम जिथल्या तिथं राहिले. खुर्चीत कुणी बसायचं हे ज्यांनी ठरवलं होतं, तेच पुढच्या वेळीही ठरवत राहिले.

आणि नियम बदलता येत नाहीत असंही नाही हं. नाणेनिधीचा प्रमुख नेमला जाताना 65 वर्षांच्या आतला हवा, असा नियम होता. 2019 मध्ये जॉर्जिएवांचं वय आड आलं, तेव्हा ऑगस्टच्या उत्तरार्धात शिफारस झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नियम रद्द. उलट, भारत-चीनसारख्या देशांचा वाटा थोडा वाढवणारी सुधारणा 2010 मध्ये मंजूर झाली, ती अमेरिकेच्या संसदेत अडकली आणि अमलात यायला 2016 उजाडलं. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा कोटे वाढवायचं ठरलं, तेही सगळ्यांचे सारख्याच प्रमाणात, पन्नास टक्के. सगळ्यांच्या ताटात निम्मं आणखी वाढलं, पण कुणाचं ताट लहान आणि कुणाचं मोठं हे तसंच राहिलं.

मग सुधारणा होतच नाही का? होते. त्यासाठी आपल्या भागातली दोन उदाहरणं पाहू. पहिलं कराडचं.

1992 चा रोखे घोटाळा आठवत असेल. त्याला वाचा फोडणाऱ्या पत्रकार सुचेता दलाल बेळगावच्या शाळेत आणि धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेल्या. तेव्हा हाती रोखे नसताना कोरे बँक रिसीट देणाऱ्यांत मुंबईतल्या एका सहकारी बँकेबरोबर 'बँक ऑफ कराड'चं नाव निघालं. बँक बुडाली, अवसायनात गेली, पुढं 1994 मध्ये बँक ऑफ इंडियानं ती घेतली. कराड-साताऱ्याच्या ठेवीदारांचं काय झालं असेल याची कल्पना करा. हर्षद मेहतांचं नाव ज्यांनी ऐकलंही नव्हतं, अशा निवृत्त मास्तरांच्या ठेवी त्यात होत्या. तेव्हा ठेवींचा विमा होता फक्त 30 हजारांचा. या धक्क्यानंतर 1 मे 1993 पासून तो एक लाख झाला.

त्यानंतर सत्तावीस वर्षं तो एक लाखावरच अडकला. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं बँकेनं लपवून ठेवली होती. ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढायची मुभा होती. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न, आणि हातात हजार रुपये! लोक मुंबईत रस्त्यावर आले, न्यायालयात गेले, मंत्र्यांच्या गाड्यांपुढं उभे राहिले. फेब्रुवारी 2020 मध्ये विम्याची मर्यादा पाच लाख झाली. त्याच वर्षी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढवणारा कायदा आला. 2021 मध्ये आणखी दुरुस्ती झाली, आणि बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम साधारण नव्वद दिवसांत मिळण्याची सोय झाली.

इथं नियम का बदलले? ज्यांचं नुकसान झालं ते लोक मतदार होते, ओरडू शकत होते, आणि त्यांचं ऐकणं कुणाला तरी भाग होतं.

दुसरं उदाहरण थेट जागतिक बँकेचं आहे आणि ते मराठी मुलुखातल्या एका टोकाच्या गावाचं आहे. गावाचं नाव मणिबेली. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेनं 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं बुडणार होतं ते मणिबेली. घरी मराठीसुद्धा न बोलणारी ही आदिवासी माणसं. त्यांना विचारलं कुणी नव्हतं, आणि पुनर्वसनाचे बँकेचे स्वतःचे नियमही पाळले गेले नव्हते.

मेधा पाटकरांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, त्याचे पडसाद वॉशिंग्टनपर्यंत गेले. शेवटी बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीनं जून 1992 मध्ये अहवाल दिला, आणि बँकेनं मागे हटून पुन्हा विचार करावा असं त्यात स्पष्ट म्हटलं. मार्च 1993 मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. आणि सप्टेंबर 1993 मध्ये जागतिक बँकेनं 'तपासणी मंडळ' स्थापन केलं. बँकेच्या पैशातून चाललेल्या कामामुळं नुकसान झालेली दोन माणसंसुद्धा आपल्या सरकारला न विचारता थेट तिथं तक्रार करू शकतात. बँकेच्या जन्मानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी सामान्य माणसाला तिच्या भिंतीत हे पहिलं दार मिळालं.

कराडच्या धक्क्यानंतर वाढलेला विमा आणि मणिबेलीच्या लढ्यानंतरचं हे दार, दोन्ही एकाच वर्षातली. पुढं 1994 मध्ये 44 देशांतल्या तीनशेहून जास्त संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जे निवेदन काढलं, त्याला 'मणिबेली जाहीरनामा' असंच नाव आहे. ब्रेटन वुड्सला देश जमले होते तेही 44 च!

पण गोड बोलून फसवायला नको. हे दार उघडलं म्हणून मणिबेली वाचलं नाही. धरण दुसऱ्या पैशातून पुरं झालं आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्याचं लोकार्पणही झालं. तपासणी मंडळ नियम मोडले की नाही ते सांगतं, भरपाईचा हुकूम त्याला काढता येत नाही. मणिबेलीकरांनी मिळवलं ते त्यांच्यामागून येणाऱ्या दुसऱ्याच देशांतल्या लोकांच्या कामी आलं.

असंच एक पाऊल कच्छमधल्या मुंद्रा इथल्या मच्छीमारांनी उचललं. जागतिक बँकेच्या समूहातल्या वित्त महामंडळानं कर्ज दिलेल्या वीज प्रकल्पामुळं पाणी आणि मासे गेले, म्हणून त्यांनी अमेरिकेतच दावा लावला. अशा संस्थांवर खटलाच चालत नाही, हा समज तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2019 मध्ये सात विरुद्ध एक मतानं मोडीत काढला. दावा मात्र पुढं खालच्या न्यायालयात फेटाळला गेला. तत्त्व जिंकलं, मच्छीमार हरले.

तेव्हा या संस्था सुधारण्याची आशा किती, असं कुणी मला विचारलं तर मी असं सांगेन. वरून, कोट्यांच्या वाटपातून होणारी सुधारणा फार हळू येईल, कारण ज्यांच्या हाती चावी आहे त्यांनीच कुलूप उघडायचं आहे. नाही म्हणायला 2024 मध्ये सहाराखालच्या आफ्रिकेला नाणेनिधीच्या मंडळावर तिसरी जागा मिळाली. एवढंच, पण मिळाली. घोटाळ्यांमुळं माणसं बदलतील, क्वचित एखादा अहवाल बंद पडेल. खरा बदल येईल तो तक्रारीच्या दारांतून, आणि ही दारं आजवर तरी बाहेरून ठोठावणाऱ्यांनीच उघडायला लावली आहेत.

आता अण्णांच्या सोसायटीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, जी आपल्या दोन्हीकडच्या घरांत पुष्कळांना माहीत नसते. पाच लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. पण पतसंस्था, पत्तिन संघ, सौहार्द संस्था यांतल्या ठेवींना तो नाही. पाटीवर 'सहकारी' लिहिलेलं पाहून आपण दोन्ही एकच समजतो आणि एखादा टक्का जास्त व्याजासाठी, म्हणजे इकडच्या भाषेत 'बड्डी'साठी, सासूबाईंची आयुष्यभराची पुंजी तिथं नेऊन ठेवतो. सगळ्याच संस्था वाईट असतात असं मुळीच नाही. अडीनडीला दागिन्यांवर चटकन पैसे देणाऱ्या, गावाची अब्रू राखणाऱ्या कितीतरी चांगल्या संस्था या भागात आहेत. फक्त तिथं विम्याचं कुंपण नाही. राखण आपल्यालाच करायची आहे.

आणि तिथं आपल्याला एक गोष्ट मिळालेली आहे, जी चिंतामणरावांच्या देशाला वॉशिंग्टनमध्ये आजही मिळालेली नाही. माणशी एक मत. दरवर्षी सर्वसाधारण सभेची नोटीस येते, आपण ती रद्दीत टाकतो, किंवा सभेला जातो ते चहा-उप्पीट आणि भेटवस्तूची पिशवी घेऊन परत येण्यासाठी. यंदा अहवाल घरी आला की जेवणानंतर तो एकदा उघडा. थकबाकी किती, ती गेल्या वर्षीपेक्षा वाढली की कमी झाली, संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज किती दिलं, लेखापरीक्षकानं शेरा काय मारला, एवढंच बघा. कन्नड अहवाल वाचता येत नसेल तर सुनेकडून वाचून घ्या, मराठी येत नसेल तर सासूबाईंकडून. मग सभेत उभं राहून एक तरी प्रश्न विचारा. कोणत्या भाषेत विचारला याला महत्त्व नाही. तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, तेवढं मात्र दुसऱ्या दिवशी जाऊन बघून या.